मत्स्यालय, भरपूर वेळ

ताईने तो कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला तेव्हा मला वाटलं शाळेचं काहीतरी असेल, सही हवी असेल. जुन्या कॅलेंडरचं पान होतं, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं, घड्यांवर विरत आलेलं. "ॲटलासमध्ये सापडलं," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, तिच्या बाबाकडे बघूनही नाही, मिठाच्या बाटलीकडे बघून. "जायचंच आहे तर यातलं बघूया." त्या आठवड्यात आमचं सुट्टीचं ठरत होतं. चार दिवस, सोमवार ते गुरुवार, मोठ्या शहरात, इथपर्यंत आलो होतो. नवऱ्याची रजा मंजूर झाली होती. शहर मी सुचवलं होतं. तिथे मी नऊ वर्षं काढली होती, काम शिकले होते, एकटी राहिले होते. आणि ज्या घरात प्रत्येक खिळा माझ्या आधी कुणीतरी ठोकून ठेवलेला आहे त्या घरातल्या माणसांना निदान चार दिवस तरी मी वाट दाखवावी, मी पुढे आणि ते मागे, असं मला वाटत होतं. हे मी कुणाला बोलले नव्हते. नवऱ्याने कागद उचलला. त्याचा घास गालात तसाच राहिला, मग त्याने तो गिळला, कागद अगदी हळू, काच असल्यासारखा खाली ठेवला आणि हात धुवायला उठला. ताटात अर्धं जेवण होतं. मी कागद माझ्याकडे फिरवला. वर मथळा होता, त्याखाली सरळ रेघ मारलेली: "आपण चौघं. चार दिवस."

चौघं. मी टेबलाभोवती बघितलं. ताई (भुंग्याची मोठी बहीण, म्हणून आम्हा सगळ्यांचीच ताई), तिच्या शेजारी सात वर्षांचा भुंगा (हा सतत तोंडातल्या तोंडात गुणगुणत असतो म्हणून भुंगा), नळाशी पाठमोरा उभा असलेला त्यांचा बाप, आणि मी. हिशेब बरोबर बसत होता. एक माणूस काढून दुसरं ठेवलं तरी आकडा तोच. तो आकडा मी पुन्हा वाचला. पुढचं सगळं, मी काय केलं आणि काय केलं नाही ते, तिथून सुरू झालं असं मला आता वाटतं.

मुलांच्या आईला जाऊन चार वर्षं झाली. मी या घरात आले त्याला दोन. तिला मी कधी पाहिलं नाही. फोटो आहे, बैठकीत नाही, मुलांच्या खोलीत, तोही हललेला, ती कुणाकडे तरी वळताना काढलेला. नवरा तिच्याविषयी बोलत नाही. न बोलण्यात माझ्याबद्दलचा विचार आहे हे मला कळतं, पण त्या विचारानेच मला छळलं. बोलला असता तर ती एक बाई झाली असती, चिडणारी, घोरणारी, उशीर करणारी. तो बोलला नाही, म्हणून ती घरभर झाली. कपाटांच्या दारांना आतून तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत: "हिवाळ्याचे", "फाटके पण आवडते", "कुणाचे?" ही शेवटची चिठ्ठी ज्या खणात आहे त्यात आता माझे कपडे असतात. मी ती काढली नाही. काढली असती तर कुणी एक शब्द बोललं नसतं, आणि ते न बोलणं मला ऐकू आलं असतं. मग मी चोरासारखी माहिती गोळा करायला लागले. सासूबाईंकडून, नणंदेकडून, खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवालीकडून. विचारायचं नाही, नुसता विषय त्या बाजूला ढकलायचा आणि कान टवकारून बसायचं. शिवणकामवाली म्हणाली, ती हसायची तेव्हा जिन्यात ऐकू यायचं. त्या दिवसापासून मी जिन्याजवळ हसले तर मला माझंच हसू मोजल्यासारखं वाटतं.

"वाच ना ताई," भुंगा म्हणाला. तिने वाचलं. एक, मनोरा, "पायऱ्यांनी, लिफ्टने अजिबात नाही, साहेबांनी सुट्टीत तपासणी करू नये." माझा नवरा लिफ्ट तपासनीस आहे, कुठल्याही इमारतीत गेला की आधी लिफ्टमधलं प्रमाणपत्र वाचतो. नळाशी उभ्या त्याच्या पाठीतून काहीतरी हललं, हसला की काय कुणास ठाऊक. ही थट्टा मीही करते. दोन वर्षं करते आहे, आणि ती माझी आहे असं समजत होते. दोन, दुमजली बस, वरचा मजला, सगळ्यात पुढची जागा. तीन, मत्स्यालय, "भरपूर वेळ", आणि "भरपूर" खाली दोन रेघा. चार, नदीवरचा लोखंडी पूल, चालत. पाच, कुठेतरी नुसतं बसणे. शेवटी कोपऱ्यात, "भुंगा कडेवर, बाबागाडी नको, पायऱ्या फार."

"मी कडेवर येणार नाही," भुंगा म्हणाला.

"तू तेव्हा दोन वर्षांचा होतास," ताई म्हणाली.

मी बोलायला लागले. आवाज चांगला लागला होता माझा, हे मला आठवतं, जाणत्या माणसासारखा. मनोऱ्याच्या पायऱ्या आता बंद आहेत, म्हटलं, दगड झिजलेत, लिफ्टनेच जावं लागतं. ताईने पेन काढून त्या ओळीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "लिफ्टने". दुमजली बसा सगळ्या मार्गांवर राहिल्या नाहीत, एकाच मार्गावर आहेत, आणि पुढची जागा हवी असेल तर सुरुवातीच्या थांब्यावर जाऊन उभं राहावं लागतं. तिने तेही लिहिलं. प्रत्येक दुरुस्तीगणिक मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, नुसतं बरं नाही, गोड वाटत होतं. ती बाई त्या शहरात कधी गेलीच नव्हती. कुठल्यातरी जुन्या माहितीपुस्तकातून तिने ही यादी उतरवली होती, स्वयंपाकघरात बसून, बाळाला मांडीवर घेऊन असेल. आणि मी तिथल्या रस्त्यांवर चपला झिजवल्या होत्या. इथे एकदाचं माझं पारडं जड होतं. मग तिसरी ओळ आली. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मत्स्यालय बंद होऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे तिने ही यादी लिहिली तेव्हाही ते बंदच होतं. मोठ्या टाकीला तडा गेला, मासे दुसरीकडे हलवले, पुन्हा उघडणार उघडणार म्हणत उघडलं नाही. मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. आमची लॅब त्याच्या मागच्या गल्लीत होती. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. तेव्हा तिथे करायचे, आता इथे. दंतवैद्य साचे पाठवतात, आम्ही त्यावरून कवळ्या आणि सुटे दात बनवतो. त्या शहरातली पहिली काही वर्षं मला कुणी ओळखत नव्हतं. खोलीवर मालकीण सोडून कुणी बोलायचं नाही, आणि मालकीण बोलायची ती नळ नीट बंद करण्याबद्दल. दर गुरुवारी दुपारी आम्हाला दीड तास सुट्टी असायची, साचे भट्टीत असायचे म्हणून. त्या दीड तासात मी मत्स्यालयात जायचे. दारावरचा म्हातारा मला ओळखायला लागला होता, नंतर नंतर तिकीट न फाडताच आत सोडायचा. त्या निळ्या अंधारात उभं राहिलं की आपण एकटे आहोत हे जाणवायचं नाही, कारण तिथे सगळेच एकटे उभे असायचे, काचेला नाक लावून. ते बंद झालं तेव्हा मी गल्लीत उभी राहून रडले होते, आणि रडण्यासारखं काय झालं हे मला कुणाला सांगता आलं नसतं. त्या शहरातली ती एकच जागा माझी होती. आणि या बाईने, जिने त्या शहरात पाऊल ठेवलं नाही, नेमकं तिथेच पेन्सिल टेकून दोन रेघा मारल्या होत्या. घर घेतलंस, मुलं घेतलीस, याच्या पाठीतलं ते हलणं घेतलंस, आणि आता हेही.

"मत्स्यालय कोणत्या दिवशी?" ताईने विचारलं. पेन तयार होतं.

"बुधवारी जाऊ," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग लिहिलं, "बुधवार".

मला काय हवं होतं हे मला तेव्हा नीट माहीत होतं, उगाच गुंतागुंत नको. त्यांनी तिथवर जावं, बंद दारासमोर उभं राहावं, आणि तिघांनाही एकाच वेळी दिसावं की ती चुकू शकते. जी माणसं जातात ती चुकायची थांबतात. जिवंत माणूस रोज चुकतं: दूध उतू जाऊ देतं, भुंग्याच्या शाळेत भलत्या दिवशी डबा देतं. मला तिची एक चूक हवी होती, उघड्यावर, दिवसाढवळ्या.

पुढचे तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. दर दिवशी जेवताना यादी टेबलावर यायची. नवराही हळूहळू बसायला लागला, नकाशा पसरायला लागला, आणि एकदा तर म्हणाला, "तिला माशांची फार हौस, घरात टाकी आणूया म्हणायची." एवढंच. दोन वर्षांत त्याने माझ्यासमोर तिच्याबद्दल उच्चारलेलं पहिलं वाक्य. ताई आणि भुंगा दोघंही जेवायचे थांबून त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्यानेही कानाची पाळी चोळली, लाजल्यासारखं. मी उठून भांडी गोळा केली. ज्या दाराला मी दोन वर्षं बाहेरून कान लावून बसले होते ते दार त्या कागदाने उघडलं होतं, आणि उघडल्यावर आत सगळे होते, मी सोडून.

भुंगा मासे काढायला लागला. रोज एक. फ्रिजच्या दारावर जागा उरली नाही तेव्हा बाथरूमच्या दारावर. मला येऊन विचारायचा, शार्क असेल का, विजेचा झटका देणारा असेल का, ऑक्टोपसला खरंच तीन हृदयं असतात का. तो मला सकाळी मावशी म्हणतो आणि झोप आली की आई म्हणतो, आणि म्हटल्यावर ताईकडे बघतो. ताई मला काहीच म्हणत नाही. वाक्यं अशी जुळवते की हाक मारायची वेळच येऊ नये. खोलीच्या दारात येऊन उभी राहते, मी वर बघेपर्यंत थांबते, मग बोलते. अकरा वर्षांच्या मुलीला हे किती कष्टाचं पडत असेल. "असेल," मी भुंग्याला सांगायचे, "तीन हृदयं असतात." खोटं नव्हतं ते. नवऱ्याने विचारलं, "तुला माहीत असेल ना ते मत्स्यालय?" मी म्हटलं, "हो, आमच्या लॅबच्या पुढेच." तेही खोटं नव्हतं. मी तीन आठवडे एकही शब्द खोटा बोलले नाही.

लॅबमध्ये एक पुढचा दात आला होता, एका शिक्षिकेचा. पुढचा एक दात सगळ्यात अवघड. अख्खी कवळी सोपी, कारण सगळंच नवीन असतं. पण एकच बनवायचा तर तो दोन्ही बाजूंच्या खऱ्या दातांशी जुळला पाहिजे. छटांची पट्टी असते आमच्याकडे, सोळा दात ओळीने लावलेली, पांढऱ्यापासून मळक्या पिवळ्यापर्यंत. त्यातला कुठलाही एक जसाच्या तसा कधी जुळत नाही. मी तो दात तीन वेळा बनवला आणि तीन वेळा परत आला. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, "दात उत्तम आहे, पण त्या म्हणतात, जीभ सारखी तिथेच जाते." मी हसले, सवयीने जाईल म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर हातातलं मेण कडक होईपर्यंत तशीच बसले. त्या दिवशी ठरवलं की घरी गेल्यावर सांगून टाकायचं. अगं ताई, विसरलेच, ते तर बंद झालं. इतकं सोपं. घरी गेले तर ताईने यादीची नवी प्रत केली होती, स्वच्छ, शाईने. पण सगळ्या ओळी तिने तिच्या आईसारख्या काढल्या होत्या, तीच डावीकडे कललेली अक्षरं, "भरपूर" खाली त्याच दोन रेघा. गिरवून गिरवून जमवलेलं. "बाबा म्हणाला, हुबेहूब," तिने सांगितलं. मी छान म्हटलं. आणि सांगितलं नाही.

शहर होतं तसंच होतं. सोमवारी मनोरा झाला, लिफ्टने. नवऱ्याने प्रमाणपत्र वाचलं आणि मुदत संपत आल्याचं लिफ्टवाल्याच्या कानावर घातलं, मुलांनी कपाळावर हात मारले. मंगळवारी सुरुवातीच्या थांब्यावर पाऊण तास उभं राहून आम्ही बसची पुढची जागा मिळवली. फांद्या काचेवर आपटायच्या तेव्हा भुंगा दर वेळी खाली वाकायचा. मी वाट दाखवत होते. डावीकडे वळा, इथून रस्ता ओलांडा, इथली कॉफी नको पलीकडची घेऊ. मला हवं होतं ते मिळालं होतं आणि ते मला अंगाला लागत नव्हतं, कारण पायाखालून बुधवार येत होता. मंगळवारी संध्याकाळी लोखंडी पुलावर नवऱ्याने माझा हात हातात घेतला. "बरं झालं तू हे शहर सुचवलंस," तो म्हणाला. मी पाण्याकडे बघत म्हटलं, "तिच्याच यादीत होतं." तो म्हणाला, "यादी तू सुचवल्यावर सापडली." हे मला सुचलंच नव्हतं. आधी मी बोलले होते, नंतर ताई ॲटलास काढायला गेली होती. त्या क्षणी सांगता आलं असतं. पुलावर वारा होता, मुलं कठड्याच्या जाळीतून खाली डोकावत होती, आणि मी त्यांना ओरडले, मागे व्हा म्हणून.

बुधवारी अकरा वाजता आम्ही तिथे पोचलो. रस्ता अरुंद झाल्यासारखा वाटला. दर्शनी भिंतीवर निळ्या फरशांचे मासे अजून होते, काही निखळलेले, त्यांच्या जागी सिमेंटचे माशांच्या आकाराचे डाग. दाराला लोखंडी पट्टी आणि तिच्यावर कुलूप. काचेवर आतून कागद चिकटवलेले, आणि एका कंपनीची पाटी, इथे न्हाणीघरांच्या फरशा आणि बेसिनं ठेवली आहेत, चौकशी मागच्या दाराने. भुंग्याने काचेला दोन्ही हातांचा आडोसा करून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. "आत बेसिनं आहेत," तो म्हणाला. मग पायरीवर बसला आणि रडायला लागला, आवाज न करता. हा एरवी एक मिनिट गप्प नसतो, त्याचं गुणगुणणं थांबलं की घरात नळ बंद झाल्यासारखं वाटतं. तो आवाज न करता रडत होता आणि हे मी केलं होतं. तिची चूक बघायची होती ना मला. तिचं काहीच दिसत नव्हतं तिथे. मला दिसत होती ती माझ्या हातची गोष्ट, पायरीवर बसलेली, गुडघ्यांत तोंड घालून.

नवऱ्याने काचेवरची मत्स्यालय बंद केल्याची जुनी नोटीस दोनदा वाचली, वाचतो तशी, तारखेसकट. मग माझ्याकडे वळला. चिडला नव्हता अजून, चिडायच्या आधीचा गोंधळ होता चेहऱ्यावर. "सहा वर्षांपूर्वी बंद झालंय," तो म्हणाला. "तू तर इथेच होतीस तेव्हा. लॅबच्या पुढेच म्हणालीस. तुला माहीत नव्हतं?"

मी कुलपाकडे बघितलं. रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेली, चाकांचा आवाज वळणापर्यंत गेला.

"मला माहीत होतं, बाबा," ताई म्हणाली. "शाळेतल्या कॉम्प्युटरवर बघितलं होतं मी. मीच म्हटलं यांना, सांगू नका. मला तरी यायचं होतं."

नवरा तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याच्या खांद्यांतला ताण सुटताना मला दिसला. "वेडी आहेस का तू," तो तिला म्हणाला, आवाजात राग नव्हता. "भुंग्याचा तरी विचार करायचा." त्याने भुंग्याला उचललं, कडेवर घेतलं, सात वर्षांच्या मुलाला, आणि भुंगाही काही न बोलता त्याच्या खांद्यावर पडला. "समोर काहीतरी खायला घालून आणतो याला. तुम्ही थांबा इथे." ते दोघं रस्त्याच्या पलीकडे गेले.

आम्ही पायरीवर बसलो. मधे एक माणूस बसेल इतकं अंतर होतं. ताईने स्वेटरच्या बाह्या हातांवर ओढून घेतल्या.

"खोटं का बोललीस?" मी विचारलं.

"अर्धंच खोटं होतं. बघितलं मी खरंच होतं. पुढच्याच दिवशी." ती पायाच्या बोटाने फरशीचा एक तुकडा सरकवत होती. "आणि तुम्हालाही माहीत होतं ना. मला त्या दिवशी जेवतानाच शंका आली होती. प्रत्येक जागेचं तुम्ही काही ना काही सांगितलंत. हे बंद आहे, ते बदललं. याचंच काही सांगितलं नाहीत. नुसतं बुधवार म्हणालात." मग जरा थांबून म्हणाली, "मला वाटलं, आईच्या यादीतलं तेवढं एक तुम्ही खोडायचं नाही म्हणून गप्प बसलात. मला बरं वाटलं होतं तेव्हा."

दोन वर्षांत ती माझ्याशी एका दमात इतकं बोलली नव्हती. आणि ते सगळं मला फुकट मिळत होतं, मी नुसती मान हलवायची होती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मोकळं होतं, जे मी त्या घरात पाऊल टाकल्यापासून बघायला टपले होते. मान हलवली असती तर ते माझं झालं असतं. पण मग उद्या, परवा, ती मोठी झाल्यावर, दर वेळी ते मला चोरीच्या मालासारखं लपवावं लागलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "त्यासाठी नाही गप्प बसले."

तिने फरशीचा तुकडा पायाखाली दाबला.

"तुम्ही सगळे इथे याल आणि दार बंद असेल. तुम्हाला दिसेल की तिचं चुकलं. म्हणून." माझा आवाज मलाच कोरडा वाटला. "मी तुझ्या आईवर जळते, ताई. भुंगा रडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं असेल तरी मी ते बाजूला सारलं."

ती उठली. मला वाटलं रस्ता ओलांडून जाईल, बाबाकडे. ती दोन पायऱ्या खाली उतरली आणि तिथे बसली, माझ्याकडे पाठ करून. वेणीतून सुटलेले केस मानेवर होते. दोन बसा गेल्या. पलीकडच्या दुकानाच्या काचेत नवरा दिसत होता, भुंग्यासमोर काहीतरी ठेवत असलेला.  बोलण्यासारखं होतं ते संपलं होतं, आणि माफी मागितली असती तर ती तिला द्यावी लागली असती.

"तुम्ही आत गेला होता?" तिने विचारलं. वळली नाही.

"दर गुरुवारी. चार वर्षं."

"काय होतं?"

मी सांगितलं. आत शिरल्यावर आधी काही दिसायचं नाही, डोळे सरावेपर्यंत भिंत धरून चालावं लागायचं. पाण्याचा वास यायचा, फारसा चांगला नाही, ओल्या छत्रीसारखा. डाव्या हाताला छोट्या टाक्या, उजव्या हाताला ती मोठी, जिला तडा गेला. तिच्यात एक कासव होतं, त्याचा एक पाय तोकडा होता, त्यामुळे ते जरा तिरकं पोहायचं आणि दर फेरीला त्याच कोपऱ्यावर आपटायचं. ऑक्टोपस होता, पण बहुतेक वेळा मडक्यात लपलेला. लोक काचेवर टकटक करायचे आणि दारावरचा म्हातारा ओरडायचा. भुंग्याच्या शार्कपैकी एक होता, हातभर लांबीचा, कंटाळलेला. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "खरे मासे सांगा, उगाच चांगलं करून सांगू नका." मी म्हटलं, खरेच सांगते आहे.

"आईने कुठे भरपूर वेळ घालवला असता?"

मला विचार करावा लागला नाही. "शेवटची टाकी. कोपऱ्यातली. तिच्यात नुसती वाळू दिसायची, लोक रिकामी आहे म्हणून पुढे जायचे. पण वाळूत एक चपटा मासा असायचा, वाळूच्याच रंगाचा. पाच-सहा मिनिटं नजर न हलवता बघत राहिलं की एक डोळा हलायचा, मग तो सगळा दिसायचा. तिथे उभी राहिली असती ती. तुम्हाला हाका माराव्या लागल्या असत्या."

ताई वळली. "कशावरून?" तिच्या आवाजात धार होती. "तुम्ही तर तिला बघितलंसुद्धा नाहीये."

"तू पोटात असताना डॉक्टरांनी तिला दोन महिने पडून राहायला सांगितलं होतं. खिडकीच्या चौकटीत एक कोळी होता. तुझ्या आजीला जाळं झाडायचं होतं, ती झाडू देत नव्हती. दिवसभर त्याच्याकडे बघत पडायची. आजी चिडून म्हणायची, काय मेलं आहे त्यात बघण्यासारखं, तर म्हणायची, आज हलला. कधी म्हणायची, आज नाही हलला. दोन्ही सारख्याच आनंदाने सांगायची. तू झालीस आणि दवाखान्यातून घरी आल्यावर तिने आधी चौकट बघितली, तुला छातीशी धरून. आजीने तोवर झाडली होती. ती चार दिवस आजीशी बोलली नाही."

ताईचं तोंड जरासं उघडं राहिलं होतं. बाह्यांतून तिची बोटं बाहेर आली होती.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"आजी मला सांगत होती ते तक्रार म्हणून. मी ऐकून ठेवलं. मी सगळ्यांकडून ऐकून ठेवते."

"का?"

"सांगितलं ना मघाशी."

 माझ्यावरचा राग गेला नव्हता, तो तिच्या हनुवटीत दिसत होता, आणि जायची घाईही नव्हती त्याला. पण ती एक पायरी वर आली. पलीकडे दुकानाचं दार उघडलं, नवरा भुंग्याचा हात धरून कडेला उभा राहिला, गाड्या थांबायची वाट बघत.

"आणखी काय माहीत आहे?" ताईने विचारलं.

मी तिला घड्याळवाल्याची गोष्ट सांगायला घेतली, मग नणंदेच्या लग्नातली, मग शिवणकामवालीच्या पडद्यांची. ते दोघं रस्ता ओलांडून येईपर्यंत मी सांगत राहिले, आणि ते येऊन आमच्यासमोर उभे राहिले तरी ती म्हणाली, "थांब बाबा, यांचं होऊ दे," आणि मी सांगत राहिले. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ होतं माझ्याकडे.